पॉवर स्टीअरिंगचा होज बदलताना पैसे नेमके कशाचे घ्यायचे?



"ताई, गॅरेज टाकायचंय, कुठल्या कामात मार्जिन जास्त आहे?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली येतो. त्यावर माझा एक उलटा प्रश्न असतो. तुमच्या डोक्यातलं कुठलंही एक काम घ्या. त्याला किती वेळ लागतो, सामान काय लागतं, काय काय बिघडू शकतं आणि शेवटी हातात किती उरतं, हे कधी कागदावर लिहून काढलंय का? बहुतेकांनी काढलेलं नसतं. पार्टवर किती सुटतात एवढंच माहीत असतं.

म्हणून आज एकच काम सुरुवातीपासून बिलापर्यंत बघू. गळणारा पॉवर स्टीअरिंगचा होज पाईप बदलणं. काम छोटं आहे, कुठल्याही गावातल्या गॅरेजात होतं, आणि नीट नाही केलं तर गाडी हमखास परत येते. हे एक काम समजलं की बाकीच्या कामांचा हिशोब तुम्ही स्वतः मांडू शकाल.

थोडं माझ्याबद्दल, नवीन वाचकांसाठी. सांगली भागात आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि मागे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. मी बीबीए केलंय, पाना मी फिरवत नाही. ते काम आमच्या मिस्त्रीकाकांचं. माझं काम काउंटर, खरेदी, बिल आणि कस्टमरशी बोलणं. त्यामुळे पुढचं जे लिहितेय ते मालकाच्या खुर्चीतून आहे. पण मालकाला कामातलं कळलंच पाहिजे, नाहीतर भाव सांगता येत नाही.

आधी सिस्टीम समजून घ्या

हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये चार मुख्य गोष्टी असतात. ऑईलची छोटी टाकी, बेल्टवर फिरणारा पंप, स्टीअरिंगचा गिअरबॉक्स किंवा रॅक, आणि या सगळ्यांना जोडणारे पाईप. पंपापासून रॅककडे जातो तो प्रेशर होज. रॅककडून टाकीत परत येतो तो रिटर्न होज.

या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर प्रेशर होजमधला दाब १,००० पीएसआयच्या वर जातो. म्हणून त्याच्या टोकांना लोखंडी फिटिंग मशीनवर दाबून बसवलेलं असतं, ज्याला आपण क्रिम्पिंग म्हणतो. रिटर्न होजमध्ये दाब अगदी कमी, तिथे साधी क्लिप पुरते.

आणखी एक गोष्ट. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. तिथे ना टाकी, ना ऑईल, ना होज. हे काम तुम्हाला मिळणार ते जुन्या गाड्या, पिकअप, टेम्पो, ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्यात. म्हणजे कमावणाऱ्या गाड्यांत. ही गोष्ट डोक्यात ठेवा, भाव सांगताना कामाला येणार आहे.

कस्टमर काय सांगतो आणि गाडी काय सांगते

मागे एक दूधवाले काका पिकअप घेऊन आले. टाकीत दर दोन दिवसांनी ऑईल टाकावं लागत होतं, वळवताना कुंईऽऽ असा आवाज येत होता. आल्या आल्या म्हणाले, "ताई, तेवढी क्लिप आवळून द्या की. संध्याकाळी दूध घालायला जायचंय."

आता इथे नवीन गॅरेजवाला दोनपैकी एक करतो. कस्टमर म्हणाला म्हणून क्लिप आवळतो, किंवा "होज गेलाय" म्हणून न बघताच होज काढून हातात देतो. दोन्हीकडे एकच अडचण आहे, गळती नेमकी कुठून आहे ते कुणी बघितलेलंच नसतं.

पॉवर स्टीअरिंगचं ऑईल मुख्यतः चार जागांहून गळतं:

१. प्रेशर होजचं क्रिम्पिंग किंवा त्याच्या फिटिंगचं वायसर, ओ-रिंग
२. रिटर्न होजची क्लिप, किंवा उष्णतेने कडक झालेलं रबर
३. पंपाच्या शाफ्टचं सील, म्हणजे पुलीच्या मागून
४. रॅकच्या टोकाचं सील. यात ऑईल रबरी बुटात साठतं, बूट दाबला की आत ऑईल लागतं

ऑईल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथे थेंब पडतोय तिथेच गळती आहे असं समजू नका. सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा.

आमच्याकडे तपासणी अशी होते. आधी ऑईलचा रंग बघायचा. पॉवर स्टीअरिंगमध्ये एटीएफ असेल तर बहुधा लालसर, इंजिन ऑईल काळपट, कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं. जुनं एटीएफ तपकिरी झालेलं असतं, म्हणून रंगावर शंभर टक्के जायचं नाही. मग तो सगळा भाग क्लीनरने धुऊन, कापडाने कोरडा करायचा. इंजिन चालू करून एकाने स्टीअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना वळवायचं आणि दुसऱ्याने बॅटरी मारून बघायचं. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, पंपावर ताण येतो.

आणि हे ठळक लिहून भिंतीवर लावा: चालू इंजिनवर होजवरून हात फिरवून गळती शोधायची नाही. बारीक छिद्रातून सुईसारखी धार येते, ती कातडीच्या आत घुसू शकते. जखम वरून टिचभर दिसते, पण आतून गंभीर असते आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो. हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरा, धार असेल तर त्यावर डाग उठतो.

दूधवाल्या काकांच्या गाडीत रिटर्नची क्लिप ठणठणीत होती. प्रेशर होजचं क्रिम्पिंग ओलं होतं. शिवाय होज धरून ठेवणारा एक ब्रॅकेट गायब होता, त्यामुळे होज चेसिसला घासून एका बाजूने झिजला होता. क्लिप कितीही आवळली असती तरी काही झालं नसतं. आणि ब्रॅकेट न बसवता नुसता नवा होज टाकला असता तर काही महिन्यांत तोही झिजला असता.

तपासणीचे पैसे वेगळे का घ्यायचे

आता आजच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

समजा तुम्ही तपासणीचे पैसे घेत नाही. अर्धा तास मिस्त्री गाडीखाली, एक हेल्पर स्टीअरिंगवर. शेवटी कळलं की फक्त क्लिप सैल आहे. कस्टमरला खरं सांगितलं तर तुम्हाला ५० रुपये मिळतात. "होज गेलाय" म्हटलं तर होजवरचं मार्जिन मिळतं. म्हणजे तुमच्या धंद्याची रचनाच अशी झाली की खरं बोललात तर तोटा. माणूस कितीही सरळ असला तरी महिन्याच्या २५ तारखेला, भाडं डोक्यावर असताना, त्याचा हात होजकडेच जाणार.

तपासणीचे पैसे वेगळे ठेवले की हा मोह राहत नाही. क्लिप निघाली काय आणि होज निघाला काय, तुमच्या अर्ध्या तासाचे पैसे वसूल आहेत. मग खरं सांगायला काहीच जड जात नाही.

आमच्याकडे एक शाळेची व्हॅन आली होती. मालकाला दुसरीकडे कुणीतरी "रॅक बदलावा लागेल" असं सांगितलेलं. आमच्या तपासणीत रिटर्न होजचं टोक कडक झालेलं निघालं. होजचा तुकडा, दोन क्लिपा, थोडं ऑईल. बिल हजाराच्या आत. त्या मालकाने पुढे त्याच्या ओळखीच्या गाड्या आमच्याकडे पाठवल्या. आम्ही स्वस्त आहोत म्हणून पाठवल्या नाहीत, "तिथे आधी बघतात आणि मग सांगतात" म्हणून पाठवल्या.

होजचे तीन पर्याय, तिन्ही कस्टमरपुढे ठेवा

होजच गेलाय हे नक्की झालं की पुढे तीन रस्ते असतात.

पहिला, कंपनीचा किंवा चांगल्या मेकचा तयार होज. लांबी, वाक, टोकं सगळं गाडीप्रमाणे. महाग, पण बसवायला सोपा, आणि सप्लायरची वॉरंटी मिळते.

दुसरा, जुनी टोकं वापरून हायड्रॉलिक होजवाल्याकडून नवीन पाईप क्रिम्प करून घेणं. जुन्या गाडीचा पार्ट मिळत नसेल तर हा चांगला मार्ग आहे. पण एक लक्षात ठेवा. पॉवर स्टीअरिंगचा प्रेशर होज मुद्दाम थोडा फुगणारा बनवलेला असतो, म्हणजे पंपाचे झटके त्यात जिरतात. जेसीबीच्या कामाचा कडक पाईप दाब सहज सोसेल, पण स्टीअरिंगमध्ये घरघर येऊ शकते. म्हणून होजवाल्याला "पॉवर स्टीअरिंगचा पाईप" असं स्पष्ट सांगून घ्या. तापमान सोसणारा आणि त्या ऑईलला चालणारा आहे का तेही विचारा.

तिसरा रस्ता, फाटलेल्या जागी पाईप कापून मध्ये नळी घालून दोन क्लिपा आवळणं. प्रेशर होजवर हे करायचंच नाही. हजार पीएसआयला क्लिप धरत नाही. होज निसटला तर ऑईल गरम सायलेन्सरच्या पाईपवर उडतं आणि आग लागू शकते. स्टीअरिंग पूर्ण जात नाही, कारण चाकांशी लोखंडी जोड असतोच, पण ते एकदम जड होतं. भरलेली पिकअप घाटात असेल तर ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळत नाही. कस्टमर म्हणाला तरी नाही म्हणा, आणि का नाही तेही सांगा.

रिटर्न होजला मात्र नवीन रबर आणि क्लिप चालते, फक्त रबर ऑईलचं पाहिजे. पाण्याचा पाईप बसवला तर ऑईलने तो फुगतो, मऊ पडतो आणि पुन्हा गळतो.

काम कसं चालतं

मालक म्हणून तुम्हाला पायऱ्या माहीत हव्यात, कारण प्रत्येक पायरीला वेळ आहे आणि वेळेला पैसे आहेत.

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, चाकं सरळ. मागच्या चाकांना ठोकळे. जॅकवर उचलली तरी स्टँड लावल्याशिवाय खाली कुणी जायचं नाही. टाकीतलं जुनं ऑईल मोठ्या सिरिंजने ओढून घ्यायचं, खाली ट्रे ठेवायचा.

होज काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. होज कुठून गेलाय, कुठल्या क्लिपमध्ये अडकवलाय, सगळं. मिस्त्रींना पाठ असतं, पण उद्या ते सुट्टीवर असतील.

नट सोडायला पाईपलाईनचा खास पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. साध्या पान्याने जोर लावला की नटाचे कोपरे जातात, आणि मग दोन तासांचं काम दिवसभराचं होतं. हा पाना घेऊन ठेवा. होज निघाल्यावर उघडी तोंडं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद करायची. धुळीचा कण आत गेला तर पंप किंवा रॅकच्या सीलवर येतो.

जुना आणि नवा होज टेबलावर शेजारी ठेवून बघा. लांबी, वाक, टोकं, आटे. बसवायला गेल्यावर फरक कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. बँजो बोल्ट असेल तर दोन्ही बाजूंची वायसर नवीन, ओ-रिंग असेल तर तीही नवीन. दहा-वीस रुपयांच्या जुन्या वायसरमुळे हजारांचं काम परत येतं. बोल्ट आधी हाताने आट्यात बसवायचा, मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळायचा. होज कुठे पीळ घेत नाही ना, सायलेन्सर आणि बेल्टपासून लांब आहे ना, ब्रॅकेट सगळे आहेत ना, हे बघायचं. इंजिनचं माउंटिंग खचलं असेल तर इंजिन जास्त हलतं आणि होज ताणला जातो. ते दिसलं तर कस्टमरला सांगा, जॉब कार्डवर लिहा.

ऑईल तेच टाका जे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय. काही गाड्यांना एटीएफ चालतं, काहींना वेगळंच लागतं. आणि ब्रेक ऑईल चुकूनही नाही. त्याने आतली रबरं फुगतात आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळं कामाला लागतं.

यानंतर हवा काढायची. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू १५ ते २० वेळा. मध्ये मध्ये टाकी बघून ऑईल भरायचं. मग इंजिन चालू करून पुन्हा हळूहळू. टाकीत फेस दिसतोय किंवा पंप कुरकुरतोय म्हणजे हवा अजून आत आहे. थोडं थांबायचं, फेस बसू द्यायचा, परत करायचं. घाईत हीच पायरी कापली जाते, आणि कस्टमर दुसऱ्या दिवशी म्हणतो, "नवीन होज टाकला तरी आवाज येतोय."

शेवटी सगळं पुसून कोरडं करायचं, एक चक्कर मारायची, परत येऊन पुन्हा बघायचं.

काढलेलं जुनं ऑईल गटारात किंवा मागच्या मोकळ्या जागेत ओतायचं नाही. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये साठवा आणि परवानगी असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्या.

आता वही काढा, हिशोब करू

पुढचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

महिन्याचा खर्च: जागेचं भाडं १२,०००. मिस्त्रींचा पगार २२,०००. हेल्पर १२,०००. लाईट, फोन ३,०००. हत्यारं, कापड, क्लीनर ३,०००. आणि तुमचा स्वतःचा पगार २०,०००. हा शेवटचा आकडा बरेच जण लिहीतच नाहीत. लिहा. एकूण ७२,००० रुपये.

महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०० तास. पण सगळे तास विकले जात नाहीत. पार्ट आणायला जाणं, रिकामा वेळ, चहा, साफसफाई. १२० तास विकले गेले असं धरू. ७२,००० भागिले १२० म्हणजे ६०० रुपये. तुमच्या गॅरेजचा एक तास तुम्हालाच ६०० रुपयांना पडतो.

होजच्या कामाला तपासणी अर्धा तास, काढ-घाल एक तास, हवा काढणं आणि चक्कर अर्धा तास. दोन तास, म्हणजे १,२०० रुपये खर्च.

आता नेहमीची पद्धत बघा. होज १,४५०ला आणून १,८००ला दिला, सुटले ३५०. ऑईल २७०चं ३५०ला, सुटले ८०. मजुरी ५००. एकूण आले ९३०. त्यातून वायसर आणि क्लीनरचे ७० गेले, उरले ८६०. खर्च १,२००. म्हणजे दिवसभर गाड्या उभ्या, गल्ला भरलेला, आणि प्रत्येक कामाला ३४० रुपये खिशातून. गाडी परत आली तर अजून एक तास आणि नवीन ऑईल, म्हणजे ८७० रुपये. तोटा गेला १,२१० वर.

दुसरी पद्धत. तपासणी आणि मजुरी मिळून १,४००. होज १,८००, ऑईल ३५०, वायसर-क्लीनर १५०. बिल ३,७००. यात सुटले १,४०० अधिक ३५० अधिक ८० अधिक ८०, म्हणजे १,९१०. खर्च १,२०० वजा केला, उरले ७१०. दहात एक गाडी परत येईल असं धरून प्रत्येक कामातून ८७ रुपये वेगळ्या डब्यात टाका. तुमच्या वॉरंटीचा पैसा त्यातून निघतो. तरी ६२३ रुपये नफा, तोही तुमचा पगार धरून.

पहिल्या पद्धतीचं बिल २,६५०, दुसऱ्याचं ३,७००. फरक १,०५० रुपयांचा. आता खरा प्रश्न, कस्टमर ते का देईल?

कस्टमरशी काय बोलायचं

मी काकांना एवढंच विचारलं, "काका, संध्याकाळची एक खेप चुकली तर किती जातात?" त्यांनी आकडा सांगितला. तो आमच्या फरकापेक्षा बराच जास्त होता. मग त्यांना गाडीजवळ नेलं, पुसलेल्या होजवर पुन्हा ओल आलेली दाखवली, घासलेली जागा दाखवली. "नुसता होज घालून देऊ शकते, पण हा ब्रॅकेट नसेल तर तुम्ही पुन्हा इथेच याल. आणि आज संध्याकाळी गाडी अशीच नेऊ नका, भाड्याची बघा. उद्या दुपारी देते."

ते जरा खट्टू झाले. "एक दिवस गेला की हो." पण गाडी ठेवली.

इथे नवीन लोक घाबरतात. वाटतं, कस्टमर दुसरीकडे जाईल. जाईल कधीकधी. पण तुम्ही दाखवून, कारण सांगून, लिहून दिलं तर राहणारे जास्त टिकतात. कमावणाऱ्या गाडीच्या मालकाला स्वस्त कामापेक्षा गाडी पुन्हा उभी न राहणं महत्त्वाचं असतं. त्याच्याशी त्याच्या धंद्याच्या भाषेत बोला.

आणि ज्याच्याकडे आज खरंच पैसे नाहीत, त्याला क्रिम्पिंगचा पर्याय लेखी द्या, वॉरंटी किती आणि कशाची नाही तेही लिहा. मजुरीचा भाव मात्र पाडू नका. एकदा पाडलात की तोच तुमचा भाव.

कागद पक्का ठेवा

चार गोष्टी पहिल्या दिवसापासून:

जॉब कार्ड: गाडी नंबर, किलोमीटर, कस्टमरची तक्रार त्याच्याच शब्दांत, तपासणीत काय निघालं, अंदाजे खर्च, त्याची सही. पुढे खर्च वाढला तर आधी फोन, मग काम.

जुना पार्ट: काढलेला होज पिशवीत घालून कस्टमरच्या हातात. मागितला नाही तरी द्या.

बिल: पार्ट, मजुरी, तपासणी वेगवेगळ्या ओळींत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली जाते, आणि कामात कसूर झाली तर कस्टमर जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. स्वच्छ बिल आणि जॉब कार्ड हे त्याच्याइतकंच तुमचंही संरक्षण आहे. जीएसटीबद्दल: महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे, पण गॅरेज सेवाही देतं, त्यामुळे वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी लागते. उलाढालीत पार्टची पूर्ण किंमत धरतात, नुसती मजुरी नाही. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के दर झालाय, तो बिलात नीट लावा. तुमच्या केसचं तुमच्या सीएंकडून पक्कं करून घ्या.

फोन: तिसऱ्या दिवशी कस्टमरला फोन करा. "रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसला तर लगेच सांगा." खर्च काही नाही, आणि गळती असेल तर ती तुम्हाला आधी कळते, गावाला नंतर.

काकांचा पुठ्ठा कोरडा निघाला. पुढच्या महिन्यात त्यांच्या दूध संकलनावरची दुसरी पिकअप आली, तिचा ड्रायव्हर आल्या आल्या म्हणाला, "आधी तपासून घ्या म्हणाले काका."

या आठवड्याचा गृहपाठ

गॅरेज असो, मोबाईल रिपेअरिंग असो, पिठाची गिरणी असो की ब्युटी पार्लर, तीन गोष्टी करा.

एक, तुमच्या धंद्याचा एक तास तुम्हाला किती रुपयांना पडतो ते काढा, स्वतःचा पगार धरून.

दोन, तुमचं रोजचं एक काम निवडा आणि त्याच्या सगळ्या पायऱ्या वेळेसकट लिहा. तपासणी आणि शेवटची खात्री या दोन पायऱ्या वगळू नका, कारण पैसे तिथेच फुकट जातात.

तीन, आज कुठल्या कामाचे पैसे तुम्ही घेतच नाही, ते शोधा. "बघून देतो, त्याचे काय पैसे घ्यायचे" असं जिथे जिथे म्हणता, तिथे एक आकडा लिहा. लहान असू दे, पण बोर्डवर लावा.

तुमच्या तासाचा आकडा कमेंटमध्ये टाका, धंदा आणि गावही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशोब आपण फळ्यावर सोडवू. भेटू लवकरच!